पंचवीस फूट, पंच्याऐंशी डेसिबल

मेट्रोच्या स्थानकात कुणी गिटार किंवा बासरी घेऊन बसलेलं दिसलं, त्याची चित्रफीत फिरली, की आपल्याकडे वाद पेटतो आणि तो दरवेळी त्याच रुळांवरून धावतो. एक बाजू म्हणते, 'न्यूयॉर्क-लंडनमध्ये बघा, कलाकाराला किती मान असतो!' दुसरी म्हणते, 'हजारो कोटी खर्चून मेट्रो बांधली ती भीक मागायला का?' मग पहिली बाजू त्या वाजवणाऱ्याच्या तयारीचे दाखले देते आणि दुसरी त्याच्या समोर पसरलेल्या रुमालाचे. दोघांनाही एकच गोष्ट ठरवायची असते: हा माणूस कलाकार आहे की भिकारी? माझं म्हणणं असं, की स्थानकाच्या दृष्टीने हा प्रश्नच गैरलागू आहे. वाजवणाऱ्याबद्दल स्थानकाने तीनच गोष्टी विचाराव्यात: तो कुठे उभा आहे, किती वेळ उभा आहे आणि त्याचा आवाज किती आहे. या तिन्ही गोष्टी मोजता येतात. कला मोजता येत नाही, आणि भीकही मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्यावर नियम बेतला, की तो शेवटी ड्यूटीवरच्या शिपायाच्या मर्जीवर जाऊन बसतो.

परदेशाचा दाखला देणाऱ्यांच्या पोतडीत एक पुरावा हमखास असतो, तो आधी तपासू. १२ जानेवारी २००७ रोजी 'द वॉशिंग्टन पोस्ट'ने प्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल यांना साध्या कपड्यांत वॉशिंग्टनच्या लांफां प्लाझा मेट्रो स्थानकाच्या तोंडाशी उभं केलं. हातात १७१३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस. ४३ मिनिटांत सहा रचना वाजवल्या. १,०९७ माणसं पुढून गेली, त्यांतली सात जण मिनिटभर तरी थांबली, २७ जणांनी पैसे टाकले. ओळखणाऱ्या एका बाईंनी दिलेले २० डॉलर सोडले तर जमले ३२ डॉलर आणि थोडी चिल्लर. या लेखाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि तेव्हापासून 'धावपळीत आपण सौंदर्य पाहायला विसरलो' या प्रवचनाला तो जोडला जातो. पण भुयारात वाजवून पोट भरणाऱ्या कुणालाही हा प्रयोग दाखवा. तो आधी घड्याळ बघेल: सकाळचे पावणेआठ वाजून गेलेले. मग जागा बघेल: सरकता जिना संपतो तिथे, जिथे माणूस पाय उचलून कचेरीकडे वळतो. मग कार्यक्रम बघेल: सुरुवातच बाखच्या 'शाकॉन'ने, जी चौदा-एक मिनिटं चालते आणि हळूहळू उलगडते. चालत्या माणसाच्या कानावर भुयारातलं वादन किती वेळ पडतं? आवाज दोन्ही अंगांनी तीस-तीस मीटर स्पष्ट ऐकू येतो असं धरा, चालण्याचा वेग सेकंदाला सव्वा ते दीड मीटर. म्हणजे पाऊण मिनिट. पाऊण मिनिटात चौदा मिनिटांची रचना कुणाला काय सांगणार? जागा आणि वेळ चुकली की स्ट्रॅडिव्हेरियससुद्धा चालत नाही, इतकंच त्या सकाळी सिद्ध झालं. आणि परदेशाचे गोडवे गाणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट: वॉशिंग्टनच्या मेट्रोत वाजवायला बंदी होती, म्हणून तर बेल स्थानकाच्या आत न वाजवता दाराबाहेरच्या आच्छादित भागात वाजवत होते.

हा धंदा कसा चालतो हे माहीत नसल्यामुळेच वाद भरकटतो, म्हणून थोडं त्याविषयी. भुयारी स्थानकात वाजवायच्या जागा मुळात तीन. फलाट, जोडमार्ग, आणि तिकीट खिडक्यांचा मधला मजला. फलाटावर श्रोता तीन ते सहा मिनिटं अडकलेला असतो, म्हणजे एक गाणं पुरं ऐकतो. पैसे पडतात ते गाडीचे दिवे बोगद्यात दिसल्यानंतरच्या वीस सेकंदांत, कारण तोवर लोक 'अजून ऐकू' म्हणून खिशात हात घालत नाहीत. म्हणून जाणता वादक गाणं तीन मिनिटांत आटोपतो आणि गाडीची घरघर ऐकू आली की ध्रुवपदाकडे वळतो. जोडमार्गात उलट. तिथे कुणीच थांबत नाही, त्यामुळे पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येणारी चाल हवी; लांब आलापी तिथे वाया. मधल्या मजल्यावर जागा ऐसपैस, म्हणून चार-पाच जणांचे संच तिथे जमतात, पण श्रोता विखुरलेला. पेटीत आधी स्वतःच्या दोन-चार नोटा ठेवायच्या, कारण रिकाम्या पेटीत पहिला पैसा टाकायला कुणी धजत नाही. आणि पेटी भरत आली की मोठ्या नोटा हळूच काढून घ्यायच्या, कारण भरलेल्या पेटीतही कुणी टाकत नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या फलाटांवर वरच्या रस्त्यापेक्षा जास्त उकडतं, तारा उतरतात, दर दोन गाण्यांनी सूर लावावा लागतो. ब्रेकमधून उडणारी लोखंडी धूळ तोंडाने वाजवायच्या वाद्यांच्या वादकाला घशात जाणवते. टाइल्सच्या भिंतींवरून आवाज परततो, म्हणून खर्जाचे सूर एकमेकांत कालवले जातात आणि वरचे सूर लांब जातात; अ‍ॅकॉर्डियन, सॅक्सोफोन, व्हायोलिन, चिनी अर्हू ही वाद्यं भुयारात टिकली ती याच कारणाने. वीस-वीस लिटरच्या प्लास्टिकच्या बादल्या उपड्या करून वाजवणाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांना कुठल्याच अ‍ॅम्प्लिफायरची गरज नसते.

आता न्यूयॉर्कचा नियम. त्याची गंमत अशी, की त्यात 'कलाकार कोण' याची व्याख्याच नाही. स्थानकात कलेचं सादरीकरण करायला आणि त्यासाठी लोक देतील ते पैसे घ्यायला मुभा आहे, एवढंच म्हटलं आहे. परवाना लागत नाही, परीक्षा लागत नाही. पुढे सगळी मापं. तिकीट खिडकी किंवा तिकीट यंत्रापासून २५ फुटांच्या आत वाजवायचं नाही. कचेरीच्या दारापासून ५० फूट. जिने, सरकते जिने आणि लिफ्ट यांची वाट अडवायची नाही. उद्घोषणा चालू असताना थांबायचं. डब्यात वाजवायचं नाही. फलाटावर अ‍ॅम्प्लिफायर नाही; इतरत्र चालेल, पण आवाजाच्या उगमापासून पाच फुटांवर ८५ डेसिबलच्या वर नाही, आणि तिकीट खिडकीपासून दोन फुटांवर ७०च्या वर नाही. हा नियम कुणा कलाप्रेमी महापौराच्या डोक्यातून आला नाही. १९८५ साली एका गिटारवाल्याला दंड झाला, तो न्यायालयात गेला आणि न्यायाधीशांनी सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. प्रशासनाने मग नियम लिहिले, फलाटावरच्या अ‍ॅम्प्लिफायरबंदीला वादकांनी आव्हान दिलं, आणि १९९० साली वरच्या न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. कारण साधं होतं: फलाटावर उद्घोषणा आणि येणारी गाडी ऐकू येणं हा जिवाचा प्रश्न आहे. गाणं म्हणण्याचा हक्क वादकांना मिळाला, ते मोठ्याने म्हणण्याचा नाही. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो, जरी त्यात एक विसंगती आहेच: पाच वॅटचा, सहा पेन्सिल सेलांवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर फलाटावर गुन्हा ठरतो आणि त्याच्या दुप्पट कडाड वाजणाऱ्या बादल्या ठरत नाहीत, निदान कुणी डेसिबलमापक काढेपर्यंत.

विरोधकांचे मुद्दे मात्र हलके नाहीत, आणि कलाकाराच्या बाजूने बोलणारे ते सहसा हसण्यावारी नेतात. पहिला मुद्दा: प्रवासी अडकलेला असतो. बागेतलं गाणं नको असेल तर उठून जाता येतं, फलाटावरून जाता येत नाही. दुसरा: कर्मचाऱ्याचं काय? तिसरा, आणि आपल्यासाठी सर्वात जड: गर्दी.

अडकलेल्या प्रवाशाचा मुद्दा डब्याच्या बाबतीत मला शंभर टक्के मान्य आहे. डब्यात श्रोत्याला दूर सरकायलाही जागा नसते, आवाज पत्र्यावर आपटून परत येतो, आणि समोर आलेल्या टोपीला नाही म्हणायचं म्हणजे माणसाच्या तोंडावर नाही म्हणायचं. न्यूयॉर्क आणि पॅरिस दोन्हींनी डब्यात वाजवायला मनाई केली आहे ती योग्यच आहे, पॅरिसच्या डब्यांत अ‍ॅकॉर्डियन तरीही घुसतंच हा भाग वेगळा. पण फलाट आणि जोडमार्ग म्हणजे डबा नव्हे. तिथे वीस पावलं पुढे जाता येतं. शिवाय शांततेचा हक्क म्हणतात ती शांतता भुयारात होती कधी? न्यूयॉर्कच्या फलाटांवरचा आवाज शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला आहे, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तो कमाल १०६ डेसिबलपर्यंत गेला होता. तो आवाज गाड्यांचा होता. आपल्या मेट्रोत जाहिरातींचे पडदे दिवसभर बोलत असतात. त्यांच्यापुढेही प्रवासी अडकलेलाच असतो. अडकलेल्या माणसाची काळजी आपल्याला जाहिरात विकताना वाटत नसेल आणि बासरी ऐकताना तेवढी वाटत असेल, तर ती काळजी कानांची नव्हे.

कर्मचाऱ्याचा मुद्दा मला सर्वात खरा वाटतो, कारण तो गणिताचा आहे. प्रवासी दर पाच मिनिटांनी बदलतो, म्हणून वादकाला चार गाणी पुरतात. चार मिनिटांचं एक गाणं धरलं तर सोळा मिनिटांत फेरा पूर्ण. वादक तीन तास बसला, तर खिडकीतल्या माणसाने तीच चार गाणी अकरा वेळा ऐकली. आवडती ठुमरीसुद्धा अकराव्यांदा छळ वाटते. वॉशिंग्टनच्या त्या प्रयोगातही एक तपशील आहे जो प्रवचनकार गाळतात: जवळच बूट पॉलिश करणारी बाई एरवी अशा वादकांच्या आवाजाला कंटाळून पोलिसांना फोन करायची. सौंदर्यदृष्टी नसलेली बाई, असं तिला म्हणणार का? तिला तिथेच दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलायचं होतं. पण म्हणून बंदी हा उपाय कसा होतो? खिडकीपाशी ७० डेसिबलची मर्यादा, २५ फुटांचं अंतर आणि पाळीला दोन तासांची हद्द, हे उपाय नेमके त्या बाईसाठी आणि खिडकीतल्या माणसासाठी आहेत. लंडनमध्ये पाळी दोन तासांची असते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पाच फुटांवर ८५ असेल तर वीस फुटांवर ७३. टाइल्सच्या भुयारात तो एवढा उतरत नाही, म्हणून केवळ फुटांत अंतर लिहून भागत नाही, खिडकीपाशी मापक धरून पाहावं लागतं. नियम दोन्हीकडून बांधलेला आहे तो यासाठी.

गर्दीचं काय? २९ सप्टेंबर २०१७ची सकाळ मुंबईकर विसरलेला नाही. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर स्थानकांपासून दीडशे मीटरपर्यंत फेरीवाले नकोत हा आदेश आला. अशा शहरात 'कलाकाराला जागा द्या' म्हणणाऱ्याने आधी रुंदी मोजावी. माणसं खच्चून चालत असतील तर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८०च्या आसपास माणसं जातात. वादक, त्याची पेटी आणि भोवती थांबलेले दोन-चार जण मिळून अडीच मीटर खातात. म्हणजे मिनिटाला २०० माणसांची वाट बंद. दादरच्या पुलावर याला परवानगी देणं म्हणजे गुन्हा होईल, आणि तिथे कुणी बासरी काढली तर त्याला पहिल्या मिनिटाला उठवावं, तो कितीही सुरेल असो. पण हाच हिशेब उलटा धरा. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३, तिची २७ पैकी २६ स्थानकं जमिनीखाली. पुण्यात कसबा पेठ, मंडई, स्वारगेट भुयारी. या स्थानकांचे मधले मजले उपनगरी रेल्वेच्या पुलांसारखे बारा-पंधरा फुटी नाहीत. तिथे खांबांच्या रांगेमागे, सरकत्या जिन्याच्या तोंडापासून दूर, अंधांसाठी घातलेल्या पिवळ्या पट्टीला न शिवता वादकाच्या जागेचं अर्धवर्तुळ आखायला जागा निघते. दुपारी अकरा ते चार, आणि रात्री नऊनंतर. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत नाही. गर्दीमुळे वादकाला हरकत घ्यायची असेल तर ती गर्दीच्या वेळी आणि गर्दीच्या जागी घ्या. रिकाम्या मजल्यावर तीच हरकत टिकत नाही.

खरी कसोटी आपल्याच गाडीत आहे. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळच्या विशिष्ट गाडीच्या विशिष्ट डब्यात भजनी मंडळ बसतं. टाळ, झांजा, कुठे ढोलकी. कधी डब्याच्या पत्र्यावर ठेका. वर्षानुवर्षं हे चालत आलं आहे, अधूनमधून कुणी तक्रार करतो, पण सर्वसाधारणपणे लोक सरकून घेतात, काही तर त्या डब्यासाठी गाडी सोडतात. त्याच गाडीत एखादा अंध गायक खंजिरी घेऊन चढतो, किंवा एखादा पोरगा फरशीच्या दोन तुकड्यांनी ठेका धरत जुनं सिनेगीत म्हणतो. त्याला उतरवलं जातं ते रेल्वे कायद्याच्या १४४व्या कलमाखाली, कारण ते कलम फेरी आणि भीक यांसाठीच आहे. आता डेसिबलमापक काढा. मंडळाचा आवाज मोठा की त्या एकट्या पोराचा? वेळ कोण जास्त घेतं? जागा कोण जास्त अडवतं? तिन्ही मापांत मंडळ पुढे आहे. मग हरकत नक्की कशाला आहे? मी भजनी मंडळ बंद करा म्हणत नाही. डब्यातलं वादन मला तत्त्वतः नको असलं तरी वर्षानुवर्षांची सवय एका लेखाने मोडत नाही. पण नियम आवाजाला लागत नसून माणसाला लागतो, हे तरी उघड मान्य करू या.

पैसे मागितल्याने फरक पडतो, असं यावर उत्तर येतं. ते उत्तर अगदीच चुकीचं नाही. टोपी फिरवणाऱ्याचा दबाव असतो. म्हणून नियम असा असावा की पेटी जमिनीवर, वादकाच्या पायांपाशी. ती उचलून कुणाच्या जवळ न्यायची नाही, तोंडाने मागायचं नाही. क्यूआर कोडने हे आणखी सोपं झालं आहे. नंदीबैलाच्या कपाळावर क्यूआर कोड लटकवल्याची चित्रफीत २०२१ साली देशभर फिरली होती, तेव्हा लोक हसले. पण चिल्लर संपत चाललेल्या काळात रस्त्यावरच्या कलावंताने शोधलेला तो सगळ्यात व्यवहारी तोडगा होता. ज्याला द्यायचं तो कोड टिपेल, ज्याला नाही तो पुढे जाईल, डोळ्याला डोळा भिडवण्याचीही गरज नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९० साली ज्या वर्षी अ‍ॅम्प्लिफायरचा निकाल दिला, त्याच वर्षी भुयारात भीक मागण्यावरची बंदी मात्र कायम ठेवली. म्हणजे एकाच फलाटावर हात पसरणारा गुन्हेगार आणि गिटार पसरणारा नागरिक. हा भेद मला नैतिकदृष्ट्या पचत नाही, पण वादकाला भिकाऱ्याच्या कायद्यातून सोडवायला तो तिथे उपयोगी पडला.

आता दुसऱ्या टोकाची चूक. 'परवानगी द्या, पण चांगल्या कलाकारांनाच' असं म्हणणारे सुसंस्कृत वाटतात. लंडनने हेच केलं: २००३ साली परवाना योजना आणली, चाचणी घेतली, जमिनीवर अर्धवर्तुळं आखली, सुरुवातीला प्रायोजक म्हणून एक बिअर कंपनी आली. पॅरिसमध्ये १९९७पासून वर्षातून दोनदा परीक्षक बसतात आणि साधारण ३०० जणांना कार्ड मिळतं. या योजनांचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. लंडनचा परवानाधारक वादक निवांत वाजवतो. न्यूयॉर्कचा मोकळा वादक पहाटे येऊन जागा धरतो आणि दुसरा आला की भांडतो. पण परीक्षकांची नजर कुठे पडते? स्वच्छ, गोड, पर्यटकाला छायाचित्र काढावंसं वाटेल अशा वादनावर. आपल्याकडे अशी समिती बसली तर गिटार आणि सॅक्सोफोनला कार्ड मिळेल, एखाद्या मोठ्या उस्तादाच्या शिष्याला मिळेल, आणि भटक्या डक्कलवाराच्या किंगरी या तंतुवाद्याला, पोतराजाच्या डफाला? समितीत कोण बसणार हे माहीत असलेला कुणीही याचं उत्तर सांगेल. न्यूयॉर्कचा मार्ग इथेही अधिक शहाणा आहे. १९८५मध्ये प्रायोगिक आणि १९८७पासून नियमित चालणाऱ्या 'म्युझिक अंडर न्यूयॉर्क' योजनेत चाचणी आहे, पाच मिनिटांची, वर्षानुवर्षं ग्रँड सेंट्रलच्या दालनात होणारी. पण ती उत्तीर्ण झालात तर मोक्याची जागा आगाऊ राखून मिळते आणि मागे नावाचा फलक लागतो. नापास झालात तरी इतर जागी वाजवण्याचा हक्क शाबूत. मॉन्ट्रियलची रीत मला त्याहून आवडते. तिथे वाजवायच्या जागी भिंतीवर वीणेसारख्या लायर वाद्याचं चिन्ह असलेला फलक असतो. वादक पहाटे येऊन फलकामागे खोचलेल्या कागदावर नावं लिहितात आणि आपापली पाळी सांभाळतात. वारीत दिंडीचा क्रम ज्या विश्वासावर चालतो, तसाच हा प्रकार. यातही लबाडी होते, नाव लिहून पाळी दुसऱ्याला देणारे निघतात. पण ती लबाडी वादकांची वादकांशी असते, समितीची उपेक्षितांशी नसते.

गाणाऱ्याला वेळ आणि जागा नेमून देणं हे आपल्याला परकंही नाही. गावगाड्यात वासुदेवाची वेळ पहाटेची, गोंधळ रात्रीचा. गोंधळी अलुतेदारांच्या यादीत होता, सुगीला त्याचा हक्क ठरलेला होता आणि त्याला कुणी भीक म्हणत नव्हतं. त्या व्यवस्थेने माणसाला जातीत डांबलं, म्हणून तिच्याबद्दल हळवं होण्याचं कारण नाही. पण गाणं ऐकून दाणे देणं हा व्यवहार आहे, एवढं तिला कळत होतं. ते कळेनासं झालं शहरात. लंडनमध्ये गणकयंत्राचे जनक चार्ल्स बॅबेज यांनी रस्त्यावरच्या वादकांविरुद्ध मोहीमच उघडली; या गोंगाटाने आपली पाव कार्यशक्ती नष्ट केली असा त्यांचा दावा होता, आणि १८६४ साली त्यांच्या मनासारखा कायदा झाला. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला ग्वार्डियांनी १९३६च्या सुरुवातीपासून रस्त्यावरच्या वादनाचे परवाने बंद केले. एक कारण असं दिलं गेलं, की आता घरोघरी रेडिओ आहे, बाजेवाल्याची गरज काय? ती बंदी उठायला १९७० साल उजाडलं. आज 'प्रत्येकाच्या कानात इयरफोन आहेत, स्थानकात गाणं कशाला' हा युक्तिवाद ऐकला की तो रेडिओ आठवतो. नव्वद वर्षांत युक्तिवादाचं फक्त यंत्र बदललं.

लिहिलेला नियम पुरेसा असतो असंही समजू नये. ऑक्टोबर २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्थानकात पोलीस अधिकाऱ्याने गिटारवाल्याला हटकलं. वादकाने नियम दाखवला. अधिकाऱ्याने तो मोठ्याने वाचला, 'कलेचं सादरीकरण, देणगी स्वीकारण्यासह, मुभा आहे' हे शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारले, आणि तरीही त्याला बेड्या घातल्या. बघ्यांनी चित्रण केलं, खटला पुढे टिकला नाही. अटकेला आधार दिला होता तो रेंगाळण्याविरुद्धच्या जुन्या कलमाचा. नवा नियम केला पण जुनं कलम पुस्तकात राहू दिलं, की असं होतं.

आणि आपल्या पुस्तकात तसं कलम आहेच. मेट्रोच्या २००२च्या कायद्यातलं ५९वं कलम उपद्रव आणि प्रवाशांच्या सोयीत व्यत्यय यांना दंड सांगतं. त्याची अडचण नाही, किंबहुना वर सांगितलेली मापं त्याच कलमाखाली नीट लिहून काढता येतील. अडचण आहे ती १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्याची. त्यातली भिकेची व्याख्या म्हणते: सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणं किंवा स्वीकारणं, मग ते गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं किंवा वस्तू विकणं अशा कुठल्याही बहाण्याने असो वा नसो. म्हणजे गाणं हा बहाणा. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवण्याची तरतूद. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये या कायद्यातल्या अशा तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. तो निकाल महाराष्ट्राला लागू नाही. २०१९ साली पश्चिम बंगालच्या राणाघाट स्थानकावर गाणाऱ्या एका बाईची चित्रफीत गाजली, मुंबईच्या स्टुडिओत तिचं गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि देशाला भरून आलं. ती हेच गाणं दादरच्या फलाटावर गात बसली असती, तर कायद्याच्या लेखी ती काय ठरली असती?

मेट्रोच्या अधिकाऱ्यांपुढे कुणी अर्धवर्तुळाचा प्रस्ताव नेला, तर त्यांच्या कायदा विभागाचा पहिला शेरा याच व्याख्येवर असेल, आणि तो शेरा बरोबर असेल. व्याख्येत 'मागणं' याच्या जोडीला 'स्वीकारणं' हाही शब्द आहे. म्हणजे पेटी जमिनीवर ठेवून, कुणाकडे न बघता, दोन्ही हात बासरीवर असताना जरी कुणी कोड टिपून दहा रुपये पाठवले, तरी व्याख्या पूर्ण होते. जमिनीवर रंग मारण्याआधी विधानसभेला त्या यादीतून गाणं, नाच आणि खेळ हे शब्द खोडावे लागतील. पंचवीस फुटांचं माप त्यानंतर.